कांदेनवमीचे बारा कांदे

चारकोप, शुक्रवार, ४ जुलै २०२५
कांदेनवमी

॥ श्री ॥

चि. गार्गी,

आशीर्वाद सुरुवातीला लिहायचे असतात. तुला चालतील की नाही ठाऊक नाही, म्हणून शेवटी लिहिते. तिथपर्यंत वाचलंस तर ते तुझे.

कागद हिशेबाच्या वहीचा आहे, उभ्या रेघांकडे लक्ष देऊ नकोस. फोन तू घेत नाहीस, माझा नंबर तुझ्याकडे लागतच नाही. पत्र तरी हातात पडेल.

आज तिथीने तीन वर्षं झाली. यंदा मी भजी केली नाहीत. तुझे बाबा म्हणाले, "का गं, कांदे महागले?" मी म्हटलं, हो. तेवढ्यावर विषय संपला. आजी मात्र सकाळपासून विचारतेय, "गो जयंती, आज कांदेनवमी मां? भजी खंय?" तिला आता जेवल्याचं आठवत नाही, माझं नाव मधूनच विसरते, पण तिथी पाठ.

तुला सगळं आठवत असेलच. तरी माझ्या बाजूने एकदा लिहू दे. किचनच्या खिडकीत तुझ्या बारा बाटल्या होत्या. प्रत्येकीच्या तोंडावर एक कांदा बसवलेला, बुडाशी पाणी; काहींत साधं, काहींत कडुलिंबाचा काढा. कॉलेजात प्रयोगाची खोली रंगवायला काढली म्हणून तू ते सगळं घरी आणलं होतंस. पांढरी मुळं सुटली होती, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कापून तू सरांकडे नेणार होतीस. नेमकी कांदेनवमी आली. तुझे आजोबा माळकरी होते, त्यांच्यापासून आपल्याकडे रीत आहे की त्या दिवशी घरातला कांदा संपवायचा, एकादशीपासून चार महिने घरात कांदा नाही. तू बाहेरून आलीस, दोन भजी तोंडात टाकलीस आणि म्हणालीस, "आई, कडू का लागतायत गं?" मग तुझी मान खिडकीकडे वळली.

मी दहावी पास बाई. कुठला कांदा शिक्षणाचा आणि कुठला खायचा, मला काय कळणार? घरातले संपवायचे एवढंच डोक्यात. तेव्हाही हेच म्हटलं होतं, आजही हेच लिहिते.

तू ओरडलीस. बाबांनी हात उचलला, "कांद्यासाठी आईवर आवाज चढवतेस?" मी झारा धरून उभी होते, कढईकडे बघत. तू पिशवी भरून मैत्रिणीकडे, रुचिराकडे अंधेरीला गेलीस.

इथलं सांगायचं तर, आजी दोनदा बाहेर निघून गेली. दुसऱ्यांदा भाजी मार्केटपाशी अनवाणी सापडली. तेव्हापासून बाबा ऑफिसला जाताना जाळीच्या दरवाजाला बाहेरून कुलूप लावतात. आजीच्या काळजीपोटी. किल्ली त्यांच्या खिशात, दुसरी हरवली. सव्वासातला जातात, संध्याकाळी सातला येतात. सवय झाली आहे. दूध, भाजी वरच्या मजल्यावरच्या अनुपमाताई जाळीतून देतात. बोरिवलीच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता रिटायर झाल्यात, घरी शिकवण्या घेतात. पत्र त्याच टाकतील. रुचिराचा पत्ताही त्यांनीच काढला.

दुपारी वेळ खायला उठतो. कपाटावरून तुझी आठवीची विज्ञानाची चोपडी काढली आहे, आणि कॉलेजची ती निळी वहीसुद्धा. तू नेली नाहीस. वाचतेय.

आशीर्वाद.
आई

शनिवार, १९ जुलै

चि. गार्गी,

उत्तर नाही आलं. न येऊ दे.

'पेशी' म्हणजे मला वाटलं, दंडात असते ती. अनुपमाताई जाळीबाहेर भेंडीची पिशवी घेऊन उभ्या होत्या, त्यांना विचारलं. एवढ्या हसल्या की समोरच्यांचं दार उघडलं. "अगं बाई, ते स्नायू! पेशी म्हणजे सजीवाचा सगळ्यात लहान घटक. तू, मी, ही भेंडी, तुझी सासू, सगळं पेशींचंच." मी म्हटलं, सासूबाईंना भेंडीशेजारी नका बसवू. तर म्हणाल्या, "विज्ञानाला मानपान नसतो."

रोज एक पान घेते, पोथीसारखं. एक दिवस केंद्रक, एक दिवस तंतुकणिका. केंद्रकात सगळ्या सूचना, कुणी काय करायचं त्याच्या. तंतुकणिका खाल्लेल्या अन्नातून ताकद काढतात, म्हणजे घरातली चूल. रिक्तिकेत पाणी आणि नको ते साठवून ठेवतात, तो आपला माळा. लयकारिका टाकाऊ वस्तू पचवतात, आणि पेशी फारच बिघडली तर त्या फुटून तिलाच खाऊन टाकतात. ते पान वाचून त्या दिवशी पुढे गेले नाही.

प्रद्रव्यपटल सगळ्यात आवडलं. पेशीभोवतीचा पातळ पडदा. काही आत येऊ देतो, काही नाही. चोपडीत बेदाण्याचा प्रयोग होता, तो केला. नैवेद्याच्या डब्यातले चार बेदाणे साध्या पाण्यात, चार मिठाच्या दाट पाण्यात. साध्या पाण्यातले संध्याकाळपर्यंत टपोरे झाले. ते मग मिठाच्या पाण्यात टाकले तर सकाळी सुरकुतले, जणू टम्म फुगले नव्हतेच कधी. पाणी जिथे जास्त तिथून कमीकडे जातं, पडद्यातून, कुणी न ढकलता. याला परासरण म्हणतात. बेदाणे आजीला दिले. "खारट आसत," म्हणाली आणि सगळे खाल्ले.

अनुपमाताईंना विचारलं, कांद्याची मुळं खरंच बघायची तर काय करायचं? म्हणाल्या, "कांदा पाण्यावर ठेव. पण तुझा चातुर्मास ना गं?" मी देवासमोर हात जोडले. म्हटलं, खाणार नाही, चिरणार नाही, फक्त वाढवणार आहे. चालत नसेल तर तसं दाखव. त्याने काही दाखवलं नाही.

ताईंनी एक कांदा जाळीतून दिला. गजांमधून नेमका आला. बाटली येईना, म्हणून घरातली घेतली. त्याच खिडकीत ठेवली आहे. बाबांना म्हटलं, औषधाचा आहे.

आई

मंगळवार, ५ ऑगस्ट

गार्गी,

तुझा निरोप आला. रुचिराने अनुपमाताईंच्या फोनवर पाठवला, ताईंनी जाळीबाहेर उभं राहून वाचून दाखवला. पहिल्यांदा भरभर वाचला, म्हणून मी परत वाचायला लावला.

जर्मनीला चाललीस. पीएच.डी.ला. अकरा सप्टेंबरला रात्रीचं विमान. अंधेरीत राहून तीन वर्षं तिथल्या प्रयोगशाळेत नोकरी केलीस, पैसे साठवलेस, कुणाचा हात न धरता. हे मला ताईंकडून कळतंय, ते बरोबरच आहे.

आणि खाली तो प्रश्न. "आईला एकच विचारायचंय. ते कांदे माझ्या प्रयोगाचे आहेत हे तिला माहीत होतं का? माहीत नसेल तर जाण्याआधी गणपतीला घरी येईन. माहीत असेल तर नाही येणार. तिनेच लिहू दे."

ताई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, पत्राने कळवते.

नव्हतं माहीत.

देवाशपथ असं लिहीत नाही, कारण शपथ घालू नये.

बुधवारी, सत्तावीसला गणपती बसतो. बाबांची सुट्टी असते, दार उघडंच असेल. तू ये. त्यांच्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. गणपतीसमोर बस, मोदक खा. उकड जमेल ना, हीच भीती. गेल्या दोन वर्षी सगळे फुटले.

खिडकीतल्या कांद्याला सात मुळं आली आहेत. मोजली.

आई

शुक्रवार, २२ ऑगस्ट

गार्गी,

रुचिराने कळवलं, तू येतेस. दुपारी एकच्या आरतीला. मी तुझी पिवळी ओढणी धुऊन, इस्त्री करून कपाटात वर ठेवली. तांदळाची पिठी झाली. मखर तेच जुनं, पुठ्ठ्याचं.

पण ते सगळं बाजूला. काल काय झालं ते लिहिते.

आजीला खिडकीशी खुर्चीत बसवलं होतं, मी बाजूला नारळ खवत होते. ती बाटलीतल्या कांद्याकडे बघत राहिली. मग अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "जयंती, टोपलेत एवढे कांदे होते मगो. तू खिडकेतले कित्याक काढलंस?"

खवणी माझ्या बोटाला लागली. मी म्हटलं, आई, कधीचं बोलताय? म्हणाली, "पोरग्या रडला ना," म्हणजे तू. आणि लगेच विचारलं, आज वार कोणता?

स्वतःच्या मुलाला 'भटजी' म्हणते ती हल्ली. हे मात्र तिच्याकडे राहिलं.

गार्गी, हे पत्र तू येण्याआधी पोचावं म्हणून ताई ते कुरिअरने पाठवणार आहेत. वाचून ठरव.

टोपलीत कांदे होते. सकाळीच आणले होते, दोन किलो. भजीला पुरून उरले असते. ते संध्याकाळी मी कामवालीला देऊन टाकले.

तुझ्या बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या, तारीख आणि वेळ लिहिलेल्या. आदल्या आठवड्यात तूच मला समजावलं होतंस, मुळांच्या टोकाला पेशी सगळ्यात जास्त विभागतात, म्हणून टोकच कापायचं, सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, तेव्हा विभाजन जोरात असतं. मी ऐकलं होतं. मला कळलं होतं. तू सांगितलेलं मला नेहमी कळायचं, कळत नाही असं दाखवायची सवय घरात पडली होती.

त्या दुपारी तू मोरीत नळ सोडून फोनवर बोलत होतीस. हे दाखवले की सर बेंगळुरूला शिफारस करणार, मग पाच वर्षं तिकडेच, असं काहीसं. तू हसत होतीस. या घरात तसं कुणी हसत नाही.

मला वाटलं, एक वर्ष. हे बिघडलं तर परत करेल, पुढच्या वर्षी जाईल. एकच वर्ष मला मिळेल. तू गेलीस की सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत माझ्याशी बोलणारं कोण होतं? मी मुळं सुरीने कापली. कांदे चिरायच्या आधी दोनदा धुतले, म्हणजे कडू लागू नयेत. बेसनात तिखट जास्त घातलं. मग बाबांनी तुला मारलं, तेव्हा एक वाक्य बोलले असते तर हात माझ्यावर आला असता. मी तेलाकडे बघत राहिले.

माहीत होतं.

हे लिहिलं नसतं तर तू बुधवारी आली असतीस. माझ्या हातचा मोदक खाल्ला असतास. मी दोन दिवस तो मोदकच बघतेय डोळ्यांसमोर. पण तुला खोट्याने आणून, गणपतीसमोर बसवून मला आरती म्हणता आली नसती.

आई

बुधवार, ३ सप्टेंबर

गार्गी,

तू आली नाहीस. बरोबर.

एक वाजता आरती सुरू केली. दीड वाजता बाबा म्हणाले, "दाराकडे काय बघतेस सारखी, कुणाला बोलावलंयस का?" मी म्हटलं, नाही. मोदक एकही फुटला नाही यंदा. पाच दिवसांचा गणपती रविवारी गेला. सोमवारी सव्वासातला कुलूप परत लागलं.

तुला उत्तर मागत नाही. पण एक गोष्ट दाखवायची आहे, आणि दुसरं कुणी नाही जे समजेल.

सोमवारीच मी मुळं कापली. सकाळी साडेआठला. ताईंनी जाळीतून औषधाची छोटी बाटली दिली होती, आंबूस वासाची, त्यात टोकं टाकून परत दिली. त्यांनी एक दिवस ठेवली, काल लाल रंगात गरम केली, आणि आज काचेच्या पट्टीवर घालून घेऊन आल्या. "अंगठ्याने दाब," म्हणाल्या, "पण सरकवू नको, पेशी दुमडतील." मी जाळीतून हात बाहेर काढून दाबलं.

ताईंचा शिकवणीचा मायक्रोस्कोप काही आत येईना. आडवा केला, तिरका केला, एक गज आड येतोच. शेवटी ताईंनी तो चपलांच्या कपाटावर ठेवून दाराला चिकटवला आणि मी दोन गजांमध्ये कपाळ घातलं. समोरच्या जोशीकाकू कचरा ठेवायला आल्या, त्या म्हणाल्या, "अनुपमाताई, जयंतीचे डोळे तपासताय का?" ताई म्हणाल्या, "हो. उघडलेत आता."

पहिल्यांदा माझीच पापणी दिसली. मग दिसलं.

छोट्या छोट्या चौकोनी खोल्या, विटा रचाव्यात तशा. बऱ्याच नुसत्या, मधे एक लाल ठिपका, बसून. काहींत ठिपका उसवलेला, आत दोऱ्याचा गुंता. ती पूर्वावस्था. एकीत सगळे दोरे मधोमध रांगेत उभे. एकीत ते दोन्हीकडे ओढले जात होते, माशाच्या काट्यांसारखे. ताई बाहेरून विचारत होत्या, "दिसली का पश्चावस्था? अगं बोल की!" आणि कोपऱ्यात एक होती, तिच्यात दोन केंद्रकं झाली होती आणि मधे नवी भिंत उभी राहत होती, केसाएवढी.

तुझ्या निळ्या वहीत लिहिलंय, विभागण्याआधी पेशी आपल्यातल्या सूचनांची एक पूर्ण नक्कल करून ठेवते, मगच दोन होते. म्हणजे जाणारीला काही कमी पडत नाही, आणि राहणारीचंही काही जात नाही. मी ते वाक्य दहा वेळा वाचलं. तीन वर्षांपूर्वी वाचलं असतं तरी मी तेच केलं असतं बहुतेक. उगाच शहाणपणा दाखवत नाही.

मग ताईंनी गंमत म्हणून माझ्या आणि आजीच्या गालाच्या आतून काडीने खरवडून निळ्या रंगात दाखवलं. दोन्ही सारख्याच. "ओळख, सासू कुठली, सून कुठली? आता भांडा बघू." आजी म्हणाली, "माका चाय होयी."

आता आणखी एक. सांगायला सुरुवात केलीच आहे तर तेही.

दुसरी किल्ली हरवलेली नाही. गेल्या वर्षी गणपतीची भांडी काढताना पंचारतीच्या डब्यात सापडली. मी ती पुसली, परत तिथेच ठेवली, वर वाती ठेवल्या. वर्ष झालं. ताईंना मी जाळीतून सांगत होते, बाई, काय करू, कुलूप आहे. त्यांना किल्लीचं आज सांगितलं. त्या मायक्रोस्कोप उचलून वर गेल्या.

बाहेर पडता आलं असतं तर तुझ्याकडे यावं लागलं असतं. आणि आल्यावर खरं सांगावं लागलं असतं. मला ते कुलूप बरं पडत होतं, गार्गी. लोक म्हणायचे बिचारी, मीही म्हणायचे.

नवा कांदा पाण्यावर ठेवला आहे.

आई

गुरुवार, ११ सप्टेंबर
डी. एन. नगर, अंधेरी, तुमच्या बिल्डिंगखालचा बाक

गार्गी,

हे पत्र पोस्टातलं नाही. वॉचमनकडे देणार आहे.

बाबा गेले, कुलूप लागलं. मी आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं, पंचारतीचा डबा काढला. जाळीतून हात बाहेर काढून कुलूप उघडायला वेळ लागला. किल्ली उलटी जात होती. ताईंना काल जाळीतून सांगून ठेवलं होतं, त्या आठच्या आत आजीपाशी येऊन बसल्या. आठ दिवस अबोला होता, आज दारात म्हणाल्या, "आता उभी काय राहिलीस? जा." आजी म्हणाली, "खंय चललंस?" मी म्हटलं, गार्गीकडे. ती म्हणाली, "पितरपंधरवडो सुरू आसा, काळी साडी नेसा नको." मी बदलली.

कुलूप उघडंच जाळीला अडकवून आले आहे. आजीजवळ माणूस आहे. बाबा संध्याकाळी आले की त्यांना सांगणार आहे, किल्लीचं पण आणि कांद्याचं पण. यापुढे एक किल्ली माझ्याकडे राहील. ते काय म्हणतील माहीत नाही. हात उचलला तर या वेळी कढईकडे बघणार नाही.

मेट्रोत पहिल्यांदाच बसले. तपासणीला पोलीसबाईने पिशवी उघडून विचारलं, "काकू, हे काय आहे?" बाटलीवर कांदा, मुळं लोंबतायत. मी म्हटलं, प्रयोग आहे. तिने उजेडात धरून पाहिलं. "आम्हाला होतं हे, दहावीला," म्हणाली आणि जपून परत दिलं. सगळा रस्ता बाटली मांडीवर धरून आले. दोनदा पाणी सांडलं, साडी भिजली आहे.

तुला काही मागायला आले नाही. माफ कर म्हणत नाही, ते तुझं तू बघ. थांबवायला तर नाहीच. तू विमानात बस, शिक, मोठी हो. बारा कांद्यांतला एक तरी तुझ्या हातात परत द्यावा एवढंच. काढा नाही, साधं पाणी आहे. मुळं दोन बोटं वाढली आहेत. मी कापलेली नाहीत. माझ्या हाताने एकदा कापून झाली आहेत तुझी मुळं.

वर येणार नाही. बोलावल्याशिवाय जिना चढणार नाही. तुला उतरावंसं वाटलं नाही तर बाटली वॉचमनकडे ठेवून जाईन, तसं त्याला सांगितलं आहे. तो म्हणतो, "मावशी, फोन करू का वर?" मी म्हटलं, नको, पत्र ने.

नऊ वाजायला पाच मिनिटं आहेत. मुळं दहाच्या आत कापायला हवीत, तूच लिहून ठेवलं आहेस. दहापर्यंत मी खाली आहे.

आशीर्वाद.
आई